पाऊण बॉयलर

“चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!” धाकट्यानं हातातली गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर आपटली. “आणि वर मलाच विचारतेस, एवढं चिडायला काय झालं म्हणून?”

“आवाज खाली घे,” थोरली म्हणाली. “आई झोपल्यात.”

“मी कुठली झोपतेय!” आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. “चालू दे तुमचं. दार तेवढं उघडं ठेवा, नीट ऐकू येत नाही.”

थोरली म्हणजे या घरातली मोठी सून, आणि धाकटा तिचा दीर. घर दुमजली. वर धाकटा आणि त्याची बायको. खाली थोरली, तिचा नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. चुली दोन असल्या तरी रात्रीचं जेवण सगळ्यांचं खालीच व्हायचं, त्यामुळे भांडणंही खालीच व्हायची. सासऱ्यांनी काढलेला धुलाईचा कारखाना धाकटा चालवायचा. रुग्णालयाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहांचे पडदे. मागे तो कारखाना एका मोठ्या कंपनीनं विकत घेतला आणि धाकट्याला तिथंच व्यवस्थापक म्हणून बसवलं. त्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत थोरली होती. कुठल्या कारखान्यात पुढच्या वर्षी किती काम येईल, कुठं किती खर्च करायचा, याचं नियोजन ती करायची. मंजूर झालेलं नियोजन आज सकाळी सगळ्या कारखान्यांना गेलं होतं. धाकट्यानं नव्या खरेदीच्या सदरात एकच गोष्ट मागितली होती, बॉयलर. त्याला त्या किमतीच्या तीन चतुर्थांश पैसे मंजूर झाले होते.

“पाऊण बॉयलर कुठं मिळतो तेवढं सांग,” धाकटा म्हणाला. “म्हणजे उद्याच जाऊन घेऊन येतो. खालचा पाऊण घेऊ की वरचा?”

त्याची बायको फसकन हसली आणि लगेच भाजीचं झाकण उघडून आत बघायला लागली.

“सगळ्यांचंच कापलंय,” थोरली म्हणाली. “सरसकट पाव. एकट्या तुझं नाही.”

“सगळ्यांनी फुगवून मागितलं होतं, वहिनी! मी नव्हतं फुगवलं. का नव्हतं? तूच इथं बसून म्हणालीस, निदान तू तरी खरा आकडा दे. म्हणालीस की नाही?”

“म्हणाले.”

“मग?”

थोरलीकडे उत्तर होतं, पण ते दिराच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

“अरे, आधी जेवून तरी घ्या,” तिचा नवरा म्हणाला. तो भूगोल शिकवायचा. दोन्ही ध्रुवांपासून सारखं अंतर राखून राहायची त्याला सवयच झाली होती.

“मला नको जेवण. मी झालो शहाणा. पुढच्या वर्षी एक बॉयलर लागला तर दोन मागतो. मग कापा म्हणावं खुशाल!” धाकटा किल्ली उचलून जिना चढून गेला.

जावेनं त्याचं ताट वाढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली. “रागावू नका, ताई. पण खरं सांगू का, या खेपेला त्यांचं काही चुकलं नाही.”

“तेही सांगितलंस, बरं झालं,” थोरली म्हणाली.

दिराचा राग तिला नवा नव्हता. तो चिडायचा आणि दुसऱ्या दिवशी चहाला हजर व्हायचा. तिच्या मनात रुतलं ते त्याचं शेवटचं वाक्य. पुढच्या वर्षी दोन मागतो. सगळ्या कंपनीत खरं सांगणारा एकच माणूस तिच्या हाती लागला होता, आणि तिनं आपल्या हातानं त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं.

ही नोकरी तिला मिळाली होती तीही धाकट्यामुळेच. त्या आधी ती एका बिस्किटांच्या कारखान्यात हिशेब सांभाळायची. कंपनीच्या मालकाला कारखाने विकत घ्यायचा नाद होता. बायका बाजारात स्वस्त दिसली म्हणून भांडी उचलतात आणि घरी आल्यावर फळीवर जागा शोधतात, तसं त्याचं चालायचं. नवा कारखाना ताब्यात यायचा तोपर्यंत आधीच्याचं काय चाललंय ते कोणालाच माहीत नसायचं. शेवटी बँकेनं विचारलं, “मागच्या वर्षी काय झालं ते तुम्ही सांगता, पुढच्या वर्षी काय होईल ते कोण सांगणार?” मालक घरी आल्यासारखा धाकट्याच्या कारखान्यात बसला होता, त्यानं हे बोलून दाखवलं. धाकटा म्हणाला, “आमच्या वहिनीला घ्या. ती साबणाची वडी उघडली की संपेल कधी ते सांगते.”

अशा रीतीनं कंपनीत नियोजन खातं निघालं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. खातं म्हणजे थोरली, जिन्याखालचं एक टेबल, आणि डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बुटांचा आवाज. जुना हिशेबनीस समोरच्या काचेच्या खोलीत बसायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “बाई, आम्ही झालेलं लिहितो, तुम्ही न झालेलं. आमचं चुकलं तर लोक तुरुंगात जातात. तुमचं चुकलं तर?”

“तर तुम्हाला लिहायला काही उरत नाही,” थोरली म्हणाली होती. तेव्हा अंगात जोर होता.

मग ती कारखाने बघायला निघाली आणि तिचे डोळे उघडले. एक जण काम नगावर मोजायचा, एक किलोवर, एक ढकलगाड्यांवर. गाडीत चादरी किती मावायच्या ते भरणाऱ्याच्या मर्जीवर. किलोवाल्यांतही पंथ होते. एक आलेल्या मळक्या, कोरड्या चादरी तोलायचा. स्टेशनजवळच्या कारखान्याचा जुना मालक, आता तिथलाच व्यवस्थापक, ज्याला सगळे स्टेशनवाला म्हणत, तो यंत्रातून काढलेल्या, पाणी गळणाऱ्या चादरी तोलायचा. त्याच्याकडे दुप्पट काम आहे असं समजून कंपनीचा मालक त्याचं कौतुक करायचा, बैठकीत त्याला पहिल्या खुर्चीवर बसवायचा.

“बाई, वजन ते वजन,” स्टेशनवाला म्हणाला. “पाण्याला काय वजन नसतं?”

“पाण्याचे पैसे गिऱ्हाईक देतं का?”

“देत असतं तर आम्ही कारखाना विकला कशाला असता!”

मळक्या आणि कोरड्या, दारातच तोलायच्या, एवढं एक वाक्य सगळ्यांच्या गळी उतरवायला तिचं पहिलं वर्ष गेलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या नव्हत्या, म्हणून ती प्रत्येक दारात जाऊन उभी राहिली. कोणी तिला तपासणीवाली समजलं, कोणी वजनकाटा विकणारी. घरी आल्यावर लेक तिच्या अंगाचा वास घेऊन सांगायची, आज आई हॉटेलाकडे होती की रुग्णालयाकडे. पण काटे सगळीकडे एकसारखे झाले, आणि मालकानं तिला एकदाचं कबूल केलं की पुढच्या वर्षापासून तुमच्या हाताखाली दोन माणसं देऊ. तिनं मुलाखती घेतल्या. दोन निवडली. त्यांच्यासाठी टेबलं कुठं लावायची तेही हिशेबनिसाशी भांडून ठरवलं.

कामाचे आकडे असे रुळावर आले. घोडं पेंड खात होतं ते खर्चाच्या मागण्यांपाशी. प्रत्येक कारखानदाराला अनुभवानं एकच गोष्ट पाठ होती. मालक कापतो, तेव्हा दहा हवे असतील तर चौदा मागा. मालकालाही ते पाठ होतं, म्हणून तो आणखी कापायचा. थोरलीनं बैठकीत सगळ्यांना सांगितलं, या वर्षी खरं काय हवं ते लिहा, मी एकेक मागणी वाचून बघेन, डोळे मिटून कोणाचं कापणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चौदा लिहिले. तेव्हा ती घरी येऊन धाकट्याला म्हणाली, निदान तू तरी खरा आकडा दे. एकाचा खरा असला म्हणजे बाकीच्यांचे त्याला लावून बघता येतील. त्यानं दिला. बॉयलर, किंमत बनवणाऱ्यानं सांगितलेली, वर एक पैसा नाही.

आणि मग ऐन वेळी मालकाला आणखी एक कारखाना स्वस्तात मिळायला लागला. “एकूण बेरीज पावानं खाली आणा,” त्यानं सांगितलं, “परवा बँकेत द्यायचंय.” एकेक मागणी वाचायला दोन माणसं हवी होती, महिना हवा होता. तिच्याकडे ती एकटी होती आणि परवापर्यंतचा वेळ होता. तिनं सरसकट पाव कापला. धाकट्याच्या ओळीवर तिचा हात थांबला होता. ही ओळ सोडून द्यावी, असं मनात आलं होतं. मग काचेपलीकडचा हिशेबनीस दिसला. दिराचा आकडा तेवढा धुतल्या तांदळासारखा का, असं तो सगळ्यांसमोर विचारणार, हे तिला दिसलं. तिनं तीही ओळ कापली. हेच ते उत्तर, जे तिला टेबलाशी देता आलं नव्हतं. दुसऱ्या कोणा अनोळखी माणसानं खरा आकडा दिला असता तर तिनं तो वाचवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत जायच्या आधी धाकट्याच्या कारखान्यात गेली. तो दिसला नाही, किंवा दिसायचं टाळत होता. बॉयलरवाल्यानं तिला आत नेलं. बॉयलर कसा चालला होता, तर चाळिशी उलटलेल्या माणसासारखा: चढावर धाप लागायची म्हणून सपाटीवरच चालायचा. निम्म्या दाबावर वाफ, त्यामुळे इस्त्रीचे रोलर कोमट. त्यांच्याखालून चादर निघायची ती गुळगुळीत, पण हात लावला की ओलसर. घड्या घालणाऱ्या बायका प्रत्येक चादर गालाला लावून बघत होत्या आणि दहातल्या तीन-चार परत पाठवत होत्या.

“गालानं का?” थोरलीनं विचारलं.

“हाताला ओल कळत नाही हो,” त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली. ती सासऱ्यांच्या वेळची. “दिवसभर ओल्यातच असतात हात. रुग्णालयाची भांडारवाली परवा येऊन गेली. म्हणाली, आणखी एकदा ओली चादर आली की दुसरीकडे टाकू काम. येतोय ना हो नवा बॉयलर? साहेब म्हणाले, वहिनी बघतायत.”

थोरलीनं घडीतली एक चादर स्वतःच्या गालाला लावून बघितली. रुग्णालय गेलं म्हणजे कारखान्याचं निम्मं काम गेलं. आणि निम्म्यावर आलेल्या कारखान्याचं मालक काय करतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ते आकडे तीच काढून द्यायची.

कचेरीत पोचते तो स्टेशनवाल्याचा फोन. “बाई, आभार मानायला केला. तुमचं नियोजन मला फार आवडलं.”

“काय आवडलं?”

“सगळं बसलं ना आमचं! दोन सुकवणी यंत्रं, दारावर नवी पाटी, माझ्या खोलीत एसी. थोडे उरतायतसुद्धा. पुढच्या वर्षी आणखी चढवून मागतो. तुम्हालाही कापायला बरं, मलाही घ्यायला बरं.”

“तुम्ही असं फोनवर मला सांगताय?”

“तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला? तुम्ही घरच्याच!”

तिनं फोन ठेवला. डोक्यावरून जिन्यात कोणीतरी दोन-दोन पायऱ्या टाकत खाली गेलं. तिला वाटलं, या कंपनीतला प्रत्येक जण आपल्या डोक्यावरून चाललाय, आणि वर आभार मानतोय.

मालकाच्या खोलीत हिशेबनीस आधीच बसलेला होता. ती उभ्या उभ्याच म्हणाली, “नियोजन परत उघडायला हवं.”

“सही झाली, बँकेत गेलं,” मालक म्हणाला. “आता काय उघडता?”

“एक मागणी खरी होती. तिला कात्री लागायला नको होती. बॉयलर आला नाही तर रुग्णालय जातंय.”

“कुठला कारखाना?” मालकानं विचारलं. त्याला माहीत होतं.

“आमच्या घरचा.”

हिशेबनिसानं चष्मा काढून पुसायला घेतला. “तरी म्हटलं, अजून कसं आलं नाही.”

“आलं नाही, कारण मी येऊ दिलं नाही,” थोरली म्हणाली. “तुम्ही काय म्हणाल म्हणून कापलं. तुमच्या भीतीनं. चूक झाली.”

हिशेबनीस चष्मा पुसतच राहिला.

“हे बघा, बाई,” मालक मऊ आवाजात म्हणाला. तो असा बोलायला लागला की समजायचं, काही मिळणार नाही. “बेरीज हलता कामा नये. आतल्या आत काय करायचं ते करा. दुसऱ्या कोणाचे काढून द्या.”

“स्टेशनवाल्याकडे जास्तीचे आहेत. आत्ताच त्यांनी स्वतः सांगितलं.”

“मी विचारलं तर सांगेल? उलट बोंब मारेल, की घरच्या माणसासाठी माझे काढले. तुम्ही जाऊन एकेक वस्तू तपासा, पुरावा आणा, मग बघू.”

“त्याला महिने लागतील. आणि माणसं.”

“माणसं तर येतायत ना तुमची दोन?”

तेव्हा तिच्या लक्षात आलं. सगळ्या नियोजनात अशी एकच ओळ होती, जी कोणालाही न विचारता तिला खोडता येत होती. त्या ओळीवर तिचं स्वतःचं खातं होतं. दोन माणसांचा वर्षाचा पगार. पाव बॉयलर भागत होता, उलट थोडे उरत होते.

बाहेर येऊन ती जिन्याखालच्या टेबलाशी बसली. त्या दोघांसाठी आणलेल्या दोन खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता. या माणसांशिवाय पुढच्या वर्षीही ती एकेक मागणी वाचू शकणार नव्हती. पुन्हा सरसकट कापावं लागणार होतं. आणि माणसं घेतली, तर ती वाचणार काय? धाकट्यानं खरं सांगून मार खाल्ला ही बातमी एव्हाना सगळ्या कारखान्यांत पोचली असेल. स्टेशनवाला पोटभर हसला असेल. चौदाच्या जागी अठरा लिहिलेले कागद तपासायला दोन सोडून वीस माणसं ठेवली तरी खातं फुकटच. खरं सांगणाऱ्याचं नुकसान होत नाही, एवढं एकदा तरी दिसायला हवं होतं. तिला संताप याचा आला की दोन्ही वाटा वाईट होत्या, आणि तिसरी शोधायला वेळ उरला नव्हता. असा वेळ आधीच काढून ठेवणं हेच तर तिच्या खात्याचं काम होतं.

ती परत आत गेली आणि सांगितलं. मालक खूश झाला. “बघा, याला म्हणतात नियोजन!” तो हिशेबनिसाला म्हणाला. हिशेबनिसानं मात्र मान खाली घालून फक्त ओळ दुरुस्त केली, आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. तिला ते जास्त लागलं.

निवडलेल्या दोघांना तिनं स्वतः फोन केले. एक जण भांडला. दुसरी मुलगी नुसतं “असू दे मॅडम, तुमचा नाइलाज असेल” म्हणाली. भांडणाऱ्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी सगळे टेबलाशी जमले. धाकटा आला होता, पण तिच्याशी बोलत नव्हता. “आई, वहिनींना म्हणावं मीठ इकडे सरकवा.”

“वहिनी समोर बसलीय, मी नाही,” सासूबाई म्हणाल्या. “सुक्याबरोबर ओलं जळतं, बाबा. चालायचंच. किती दिवस ताणणार?”

“आमच्याकडे सुकं आहेच कुठं? सगळं ओलंच आहे,” धाकटा म्हणाला. लेक हसली. त्यालाही हसू आलं होतं, ते त्यानं पाण्याच्या पेल्यात लपवलं.

“अगं, तू काही घेत का नाहीस?” थोरलीच्या नवऱ्यानं विचारलं. “तब्येत बरी आहे ना?”

थोरलीनं मिठाची वाटी दिरापुढे सरकवली आणि हात मांडीवर ठेवले.

“बॉयलर पूर्ण मंजूर झालाय,” ती म्हणाली. “उद्या सांगून टाक त्या घड्या घालणाऱ्या बायकांना. आभार मानू नकोस, चूक माझी होती. आणि पुढच्या वर्षी दोन मागितलेस तर एकही मिळणार नाही, हे आत्ताच सांगते.”

धाकट्याचा घास हातातच राहिला. “आणि पैसे कुठून काढलेस?”

“माझ्याकडे दोन माणसं येणार होती, ती आता येणार नाहीत. त्यांचं काम मी करणार. वर्षभर. महिन्यातले निम्मे दिवस मी बाहेरगावी कारखान्यांत असेन, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आईंना गुडघ्यांच्या व्यायामाला कोण नेणार, सामान कोण आणणार, सकाळचा डबा कोण करणार, ते तुम्ही पाच जणांनी आत्ताच इथं बसून ठरवा. मला विचारू नका.”